तलावातला जावई आणि बुडी मारण्याचे नियम

मुलांनो,

थोरले, मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की समुद्रात बुड्या मारणाऱ्यांच्या एका क्लबात तू नाव घातलं आहेस. तिथे म्हणे परक्या समुद्रातून आलेला एक पट्ट्यापट्ट्यांचा काटेरी मासा बोकाळला आहे. तो तिथल्या माशांना खाऊन टाकतो, म्हणून पाणबुडे खाली जाऊन त्याला भाल्याने टिपतात. त्याचे नियमही आहेत, छापील आणि जाडजूड. ते तू मला वाचून दाखवायला लागलीस, तेवढ्यात धाकटा मागून म्हणाला, "अगं, आजीला काय कळणार त्यातलं?"

धाकट्या, आजीला त्यातलं कळतं. परक्या माशाला पाण्याबाहेर काढायला माणसं उतरतात, त्यांनी काय करावं आणि काय करू नये, हे नियम मी स्वतः लिहिलेले आहेत. ते पत्र्याच्या पाटीवर रंगवून एका तलावाच्या पाळीवर लावले होते. तुझ्या आजोबांनी त्यांची अंमलबजावणी शिट्टी वाजवून केली होती. थोरले, तुझी पहिली बुडी पुढच्या महिन्यात आहे. माझा गुडघा सुजल्यामुळे मी सध्या घरात बसून आहे. तेव्हा ही हकीकत तुला बुडीच्या आधी कळावी, म्हणून आत्ताच लिहून काढते.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आजोबा रेल्वेत गार्ड होते, तेही निवृत्त झालेले. आमचं घर गोंदियाजवळ कुडव्याला, पण आजोबांची धानाची शेती चिचगडच्या बाजूला एका गावात होती. उन्हाळ्यात आम्ही महिनाभर तिथे जाऊन राहायचो. गावाला लागून एक जुना तलाव आहे. त्याच्या पाळीला आतून दगड रचलेले आहेत आणि दगडांत हात जाईल एवढाल्या कपारी आहेत. तलावावर ढिवरांची मासेमारी सोसायटी चालते. तिच्या अध्यक्ष त्या वेळी एक बाई होत्या. त्यांना मी या लिखाणात अध्यक्षबाईच म्हणणार आहे. अंगाने लहानखुऱ्या, आवाज मात्र पलीकडच्या काठाला पोचणारा.

त्यांच्या आधी त्यांचे दीर अध्यक्ष होते. दिरांच्या कारकिर्दीत तलावात मागूर आला. हा बाहेरदेशचा मागूर, मिशाळ, काळा, चपट्या डोक्याचा. कोणा व्यापाऱ्याने दिरांना सांगितलं होतं की हा मासा काहीही खातो, कसल्याही पाण्यात राहतो आणि झपाट्याने वाढतो. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्याने तलावातले लहान मासे खाल्ले, बेडूक खाल्ले, एका घरची बदकाची पिल्लं खाल्ली. सरकारने या माशावर बंदी घातलेली आहे, हे व्यापारी सांगायला विसरला होता.

मत्स्य खात्याचे साहेब येऊन सांगून गेले की पावसाळ्यापूर्वी तलाव मागूरमुक्त झाला, तर रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं, मिळेल. नाही झाला, तर मिळणार नाही, कारण ते बीज म्हणजे मागूरला नाश्ताच होईल. ते पुन्हा पाहणीला येणार होते. बीज नाही तर पुढची दोन वर्षं ढिवरटोलीने, म्हणजे ढिवरांच्या वस्तीने, काय धरायचं, हा प्रश्न होता.

सोसायटीची बैठक वडाखाली भरली. आम्ही दोघं रिकामे, म्हणून ऐकायला गेलो. मागूर दगडांच्या कपारीत बसतो, तिथे जाळं पोचत नाही. तेव्हा माणसांनी बुड्या मारून त्याला हाताने धरायचं, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. दीर तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत बसले होते.

"बाईमानूस मागूर धरू शकते का?" ते म्हणाले. "मागूरच तुमाले धरन."

"मी नाई उतरत. तुमी उतरा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आनला कोनं?"

लोक हसले. दिरांचा खर्रा चोळणारा हात थांबला. "मी आनला तं मी अध्यक्ष असतो तं काढला बी असता. आता तुमी हाव ना अध्यक्ष."

"हाव. आन साहेब येतील त्या दिवशी या तलावातून एक बी मागूर निंगाला, तं मी पद सोडून देईन. चाबी तुमी घ्या."

चावी म्हणजे सोसायटीच्या खोलीची. जाळी, डोंगे, काटा सगळं त्या खोलीत असे, आणि चावी अध्यक्षबाईंच्या कमरेला. हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या आणि गावात बोललेला शब्द परत घेता येत नाही. म्हणजे आता बीजही पणाला लागलं आणि अध्यक्षबाईंची चावीही.

त्याच दुपारी त्या आमच्या ओसरीवर आल्या. "मॅडम, नियम लिहून द्या. साहेब म्हने, पान्यात मानसं उतरवाची तं लेखी नियम पायजे. कोनी बुडला तं?"

मी विचारलं, "तुमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात आहेत. बुडी मारताना ते काय पाळतात?"

त्यांनी विचार केला. "मराचं नाई."

"आणखी?"

"धरलेला मासा सोडाचा नाई."

एवढ्यावर पाटी रंगवता आली नसती. मी रात्रीचं जेवण होण्याआधी पहिला मसुदा तयार केला. सवयीने तो इंग्रजीत झाला. त्याला प्रस्तावना होती, व्याख्या होत्या, पोटकलमं होती. 'बुडी' म्हणजे काय, हे एका परिच्छेदात सांगितलं होतं. आजोबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे वाचून होईपर्यंत मागूर म्हातारा होऊन आपणच मरेल. मग नियमांची गरज नाही. चांगली युक्ती आहे."

मग मी मराठीत सुटसुटीत लिहिले. एकट्याने बुडी मारू नये. एक खाली, तर जोडीदार वर. वरच्याने खालच्यावरची नजर काढू नये. पिऊन पाण्यात उतरू नये. मागूरच्या कल्ल्याशेजारी काटे असतात म्हणून हाताला गोणपाट गुंडाळावं. देशी मासा हाती आला तर सोडून द्यावा, मागूर आला तर काठावर आणून झाकणाच्या भांड्यात ठेवावा. शिट्टी झाल्यावर वर यावं.

पाटी रंगवायला गोंदियाहून पेंटर बोलावला. तो एरवी ट्रकच्या मागे रंगवायचा. त्याने अक्षर सुरेख काढलं, दोन्ही बाजूंना मोर काढले आणि सगळ्यात खाली, मी काही सांगण्याआधी, लाल रंगात लिहून टाकलं: फिर मिलेंगे.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मॅडम, नीचे खाली खाली लग रहा था," तो म्हणाला.

पाण्यात बुडी मारणाऱ्याला 'फिर मिलेंगे' म्हणावं की म्हणू नये, यावर पाळीवर थोडी चर्चा झाली. शेवटी ते शुभच आहे असं ठरलं आणि राहिलं.

काम सुरू झालं आणि नियमांची खरी परीक्षाही. पिऊन उतरू नये, हा नियम अध्यक्षबाईंनी स्वतः हातात घेतला. त्या पाळीवर उभ्या राहायच्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड हुंगायच्या. सुरुवात स्वतःच्या नवऱ्यापासून. पहिल्याच दिवशी तो परत गेला. दुसऱ्या दिवशी तो कच्चा कांदा खाऊन आला. तेव्हापासून बुडीआधी कांदाही बंद झाला. हा नियम पाटीवर नव्हता, पण सगळ्यांत कडक पाळला गेला.

जोड्यांची वाटणी अध्यक्षबाईंनी दमावरून केली. सारख्या दमाचे दोघं एका जोडीत. त्यात दोन भाऊबंद एकत्र आले, ज्यांनी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झाल्यापासून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. नियम नजर ठेवण्याचा होता, बोलण्याचा नव्हता, म्हणून दोघांनी तो मान्य केला. एक खाली जायचा, दुसरा त्याच्याकडे डोळे वटारून पाहत राहायचा. इतकी चोख नजर दुसऱ्या कोणत्याही जोडीत नव्हती. खालचा वर आला की वरचा माझ्याकडे वळून म्हणायचा, "मॅडम, त्याले सांगा, लय वेळ लावला म्हना." मी सांगायची. मग खालून आलेला म्हणायचा, "मॅडम, त्याले सांगा, घड्याळ घरी ठेव म्हना." दोघांमधलं अंतर हातभर.

शिट्टीचं मात्र जमेना. आजोबांनी गार्डाची शिट्टी पेटीतून काढली, चकचकीत केली आणि पाळीवर उभे राहून वाजवली. वर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ती ऐकली. खाली असलेल्यांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. आजोबांनी दुसऱ्या दिवशी लाल आणि हिरवं निशाण आणलं.

"पाण्याखालून निशाण दिसतं का?" मी विचारलं.

"वर आल्यावर तर दिसेल."

"वर आल्यावर, वर या, हे सांगायला?"

त्यांनी निशाणं गुंडाळून काखेत धरली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी पाळीवर न बोलणाऱ्यांच्या दोन जोड्या होत्या. अखेर त्यांनी एक लोखंडी घमेलं अर्धं पाण्यात धरून त्यावर दगड आपटला. तो आवाज खाली सगळ्यांना ऐकू गेला आणि सगळे एकदम वर आले. तेव्हापासून शिट्टी घमेल्याआधी वाजायची, निव्वळ मानासाठी.

झाकणाच्या भांड्याचा नियम मोडला तेव्हाची गंमत तर गावात अजून सांगतात. धरलेले मागूर लग्नातल्या मोठ्या कढईत पाणी घालून ठेवलेले असत, वर बांबूचा तट्टा. ते नंतर खड्ड्यात पुरायचे, असं साहेबांचं सांगणं होतं. एका दुपारी कोणीतरी मोहफुलं वाळवायला तट्टा नेला. तेवढ्यात वळवाची सर आली, कढई काठोकाठ भरली आणि मागूर कडेवरून बाहेर घसरले. हा मासा ओल्या जमिनीवर कल्ल्यांशेजारच्या काट्यांचा टेका घेत सरपटत चालतो. ते पाळ उतरले आणि रांगेने डांबरी सडकेवर आले. देवरीकडची एसटी आली ती थांबली. आजोबा लाल निशाण घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्या उन्हाळ्यात ते निशाण पहिल्यांदाच उपयोगी पडलं आणि त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

कंडक्टरने दारातून मान बाहेर काढली. "काय चाललंय, काका?"

"मासे चाललेत," आजोबा म्हणाले. "क्रॉसिंग आहे."

सगळा गाव मागूर वेचायला धावला. एक एसटीच्या पायरीपर्यंत गेला होता. त्याला आत बसलेल्या एका आजीबाईंनी पिशवीत घालून घेतलं आणि परत द्यायला साफ नकार दिला. गाडी सुटली. तो मागूर कुठे उतरला, कोण जाणे.

इतकं करूनही एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. रोज मागूर निघत होते, कपारी रिकाम्या होत होत्या, तरी रोज सकाळी मी पोचले की काठावर कुणीतरी हमखास म्हणायचं, "जावई आला का?" आणि कुणीतरी उत्तर द्यायचं, "येऊन गेला." मला वाटलं, असेल कुणाचातरी जावई. मी चहा-आंघोळ आटोपून पाळीवर पोचायची तोवर काम सुरू होऊन तास झालेला असे.

एका सकाळी मी चहा न घेताच निघाले. पाळीवर अध्यक्षबाईंचे सासरे बसले होते. सगळ्या टोलीत वयाने मोठे. पुढ्यात हळदीची वाटी आणि सुताचा गुंडा. पहिल्या जोडीतला माणूस वर आला, त्याच्या हातात हातभर लांबीचा मागूर होता. त्याच्या शेपटीशी पिवळ्या धाग्यांचं एक जाडजूड कडं होतं. म्हाताऱ्यांनी आणखी एक धागा हळदीत बुडवला, त्याच कड्यावर बांधला, माशाच्या डोक्याला हळद लावली आणि दोन्ही हातांनी त्याला अलगद पाण्यात सोडला. "ये बापा पुन्हा," ते म्हणाले. मागूर गेला.

मी विचारलं, "बाबा, हे काय केलं?"

"पह्यला मासा देवाचा," ते शांतपणे म्हणाले. "तो पान्यात सोडाचा. तो वाट्यात नाई, वजनात नाई, मोजनीत नाई. आमच्या बापजाद्यापासून हाय."

"पण तो मागूर आहे."

"देव जात पाहते का, मॅडम?"

काय घडत होतं ते मला हळूहळू उमगलं. एके दिवशी पहिला मासा म्हणून हा मागूर हाती लागला, त्याला धागा बांधून सोडला. मागूर बुळबुळीत, हातात राहत नाही. पण याच्या शेपटीला धागा असल्यामुळे मूठ बसायची. म्हणून दुसऱ्या दिवशीही पहिला तोच सापडला. पुन्हा धागा, पुन्हा सोडला. जितके धागे, तितकी पकड चांगली. आता तो कोणालाही सहज धरता येत होता आणि रोज हळद लावून घेऊन घरी जात होता. त्याचं नाव जावई पडलं होतं. येतो, मान घेतो, जातो आणि खातो भरपूर.

मी त्याच दिवशी उरलेल्या रंगाने पाटीवर एक नियम वाढवला: धरलेला कोणताही मागूर परत सोडू नये. मोरांच्या मध्ये थोडी जागा होती. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी तो कुणाकडून वाचून घेतला आणि सुताचा गुंडा खिशात घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी तलावात एकही माणूस उतरला नाही.

दीर एकटे येऊन पाळीवर बसले. त्यांना फार बरं वाटत होतं. "का मॅडम, आज नियम एकदम चांगले पाळले जाऊन राहिले. कोनी एकटा बुडी नाई मारून राहिला."

अध्यक्षबाई मात्र कात्रीत सापडल्या. नियम मोडावा, तर जावई तलावात राहणार आणि पाहणीच्या दिवशी चावी जाणार. नियम पाळावा, तर सासऱ्यांच्या शब्दाबाहेर जावं लागणार आणि पाण्यात कोणी उतरणारच नाही. संध्याकाळी त्या मला घेऊन सासऱ्यांपुढे जाऊन बसल्या. आजोबाही आले.

"मामाजी," त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "जावई सासरी किती दिवस रायते?"

म्हाताऱ्यांनी सुपारी कातरली. "पाहुनचार होवोस्तोर."

"झाला ना पाहुनचार. हळद झाली, धागे झाले. एवढ्यात तं बिदाई कराले पायजे होती. लोकं हासून राहिले, का जावई जातच नाई म्हून."

म्हाताऱ्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पान्यात सोडाले पायजे त्याले."

"पान्यातच सोडू. दुसऱ्या पान्यात. जिथून तो तलावात येनार नाई."

"पानी चांगलं पायजे. देवाचा मासा हाय."

"मॅडमच्या घरी हौद हाय ना, कुडव्याले. सिमिटचा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो हौद मी दर आठवड्याला घासून घेत होते. त्यातलं पाणी आम्ही भांड्यांना वापरत होतो. मी तोंड उघडण्याआधी आजोबा म्हणाले, "हो, हो, मोठा आहे हौद. ऐसपैस."

तर तह झाला. पहिला मासा देवाचा, हे कायम. जावई वर आला की त्याला सोडायचं नाही, बिदाई करायची. दुसऱ्या सकाळी सगळे उतरले. म्हातारे हळद घेऊन बसले. आजोबांनी दुधाची कॅन धुऊन ठेवली होती.

जावई आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दुसरे मागूर निघाले, मग तेही निघेनासे झाले, आणि पहिला मासा म्हणून मरळ यायला लागले. म्हातारे त्यांना धागा बांधून आनंदाने सोडून देत होते. सगळ्या कपारींत हात घालून झाले. लोक म्हणाले, मेला असेल. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मेला असता तं वर आला असता." दीर म्हणाले, "रुसला असन." पाहणीचा दिवस उजाडला तरी जावयाचा पत्ता नव्हता.

साहेब बूट घालून आले आणि पाळीवरच्या चिखलात ते बूट राहिले. त्यांनी अनवाणी उभं राहून पाटी वाचली. "छान आहेत नियम," ते म्हणाले. "हे 'फिर मिलेंगे' म्हणजे?"

"शेवटचं कलम आहे," आजोबा म्हणाले.

जोड्या अजून हाताला गोणपाट बांधत होत्या, तेवढ्यात दिरांनी शर्ट काढला. सगळा उन्हाळा ते पाण्यात उतरले नव्हते. दमाचा माणूस तोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाला काही न विचारता, जोडीदार न घेता, तोंड हुंगू न देता त्यांनी पाळीच्या टोकावरून उडी घेतली. तिथे तलावाचं पाणी सोडायचं जुनं तोंड आहे, सगळ्यांत खोल.

पाणी स्थिर झालं. आम्ही वाट पाहिली. आजोबांनी शिट्टी वाजवली, मग घमेलं वाजवलं. घमेलं वाजवूनही कोणी वर आलं नाही, असं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच झालं. म्हातारे उभे राहिले. त्यांचाच मुलगा खाली होता.

अध्यक्षबाईंनी जोड्यांकडे पाहिलं आणि त्या दोघा न बोलणाऱ्यांकडे बोट दाखवलं. "तुमी. दोघंही जा."

दोघं गेले. पहिल्यांदा हात हलवत रिकामे वर आले, श्वास घेतला. आणि मग एक दुसऱ्याला म्हणाला, थेट त्यालाच, "हात अडकला हाय त्याचा. तू डावीकून वढ, मी दगड धरतो." दुसरा म्हणाला, "हो." पुन्हा गेले.

वर आले ते तिघं आले. दिरांना काठावर ओढलं, पालथं घातलं, पाठीवर थापा मारल्या. पाणी बाहेर पडलं, खोकला सुटला. कपारीतून हात बाहेर निघाला असता, मूठ उघडली असती तर. त्यांनी मूठ उघडली नव्हती. अजूनही उघडली नव्हती. तिच्यात पिवळ्या धाग्यांचं कडं होतं आणि कड्याच्या पुढे जावई, जिवंत, मिशा हलवत.

दिरांनी एक डोळा उघडला. "निंगाला ना," ते खोकत म्हणाले. "मागूर."

अध्यक्षबाई त्यांच्याशेजारी चिखलात बसल्या होत्या, पाठ चोळत. त्या थांबल्या. "निंगाला," त्या म्हणाल्या. त्यांनी कमरेची चावी सोडली आणि दिरांच्या छातीवर ठेवली. कसलाही आरडाओरडा केला नाही. "मी म्हनलं होतं. घ्या."

म्हातारे खाली वाकले. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तो श्वास घेतो आहे याची खात्री केली, आणि मग माशाकडे पाहिलं. "आजचा कितवा हाय हा?"

"पह्यला," जोडीतला एक म्हणाला. "दुसरं कोनी उतरलंच नाई अजून."

"मंग देवाचा हाय. मोजनीत नाई." त्यांनी खिशातून सूत काढलं आणि हळदीची वाटी मागितली.

दिरांनी वडिलांकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी स्वतःही पहिला मासा कधी मोजला नव्हता. वाद घालायला दम नव्हता आणि जागाही नव्हती. त्यांनी छातीवरची चावी उचलली आणि वहिनीकडे केली. "घ्या तुमची," ते म्हणाले. "वल्ली झाली माह्यानं."

साहेबांना हे सगळं मी समजावून सांगितलं. ते म्हणाले की देवाच्या माशाबद्दल त्यांच्या खात्याचं काही म्हणणं नाही, फक्त तो या तलावात परत जाता कामा नये आणि त्याच्यानंतर दुसरा निघता कामा नये. मग सगळ्या जोड्या उतरल्या आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत कपारी चाचपत राहिल्या. मरळ निघाले, शिंगी निघाली, झिंगे निघाले, कुणाचातरी हरवलेला लोटा निघाला. मागूर निघाला नाही. जुलैत बीज आलं.

जावयाची बिदाई हळद लावून, वाजतगाजत झाली, म्हणजे आजोबांनी घमेलं वाजवलं. मग ते स्कूटरवर बसले, मी मागे, माझ्या मांडीवर दुधाची कॅन. म्हाताऱ्यांनी कॅनमध्ये डोकावून सांगितलं, "नीट राय बापा तिकडं." आजोबांनी हिरवं निशाण दाखवलं, स्वतःलाच, आणि आम्ही निघालो.

जावई आमच्या हौदात बरीच वर्षं राहिला. त्याला मी शिळी पोळी घालायची. भांड्यांचं पाणी मग ड्रममधून घ्यावं लागलं. हौदावर जाळी टाकली होती, तरी एका पावसात तो शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात पोचला आणि शेजारीण साबण टाकून पळाली. थोरले, तू तान्ही असताना तुझे आईबाबा तुला घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आले. तुझ्या आईने हौदात वाकून पाहिलं आणि विचारलं, "आई, हे काय आहे?" मी कणीक मळत होते. मी म्हटलं, "जावई आहे. खातो आणि पडून असतो." तुझे बाबा, म्हणजे आमचे खरे जावई, दारात उभे होते. त्यांना ही सगळी हकीकत सांगेपर्यंत ते चहा घेईनात.

जावई आता नाही. आजोबा गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो गेला. म्हातारेही गेले. सूत आता दीर बांधतात आणि पहिला मासा रोहू असतो. चावी अध्यक्षबाईंकडेच आहे. त्या दोघा भाऊबंदांनी त्या दिवसानंतर एकमेकांशी पुन्हा बोलणं टाकलं, पण बुडी अजूनही जोडीनेच मारतात.

मागच्या दिवाळीत मी तलावावर गेले होते. पाटी जागेवर आहे. पत्रा गंजला आहे, मोर गेले आहेत, मधले नियम पुसून गेले आहेत. वरची एक ओळ वाचता येते: एकट्याने बुडी मारू नये. आणि अगदी खाली लाल अक्षरात: फिर मिलेंगे. एवढं शिल्लक आहे.